लिओसाठी फरशी

कुत्रं घसरलं म्हणून अख्ख्या घराची फरशी बदलायची, अशी गोष्ट सिंधूताईंनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच ऐकली. त्या वेळी त्या गव्हातले खडे निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी हातातला खडा जरा जोरात ताटलीत टाकला, एवढंच.

रामदासपेठेतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांचा मुलगा वैभव आणि सून प्रियदर्शनी समोरासमोर बसले होते, आणि मधे सोफ्यावर, घडी घातलेल्या शालीवर, लिओ पडला होता. लिओ म्हणजे ते लांबट कुत्रं. ह्या जातीला पाय देताना देवानं हात आखडता घेतला आणि पाठ देताना मोजायचंच विसरला. सिंधूताईंचं सासर विणकराचं. त्यांना लिओ नेहमी मागावरच्या सूत गुंडाळायच्या कांडीसारखा दिसायचा, खाली चार खिळे ठोकून उभी केलेली कांडी. दुसरी टॉफी. ती इतकी केसाळ की तिचं पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं, हे ती चालायला लागल्याशिवाय कळत नसे. दोघांचं मिळून वजन त्या गव्हाच्या थैलीएवढंही नव्हतं. पण घरात कूलर कधी लावायचा, गावाला कधी जायचं, कोणत्या पाहुण्याला बोलवायचं आणि कोणाला टाळायचं, हे सगळं गेली सहा वर्षं ह्या दोघांना विचारून ठरत होतं.

झालं होतं असं की लिओ खिडकीतलं कबूतर पाहून धावला, वळताना त्याचे चार पाय चार दिशांना गेले, आणि तो पोटावर घसरत टीव्हीच्या टेबलावर जाऊन आदळला. जनावरांच्या डॉक्टरनं पाठीचा फोटो काढला. मणक्यातली गादी सरकायला आली आहे म्हणाला, आणि बजावलं की असल्या गुळगुळीत फरशीवर हा आणखी एकदा असाच घसरला तर मागचे पाय कायमचे जातील. प्रियदर्शनी दवाखान्यातून आली ती रडतच. वैभवनं दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. चहा होण्याच्या आत ठरलंही, की ही चकचकीत फरशी आता ह्या घरात नको.

सिंधूताई गहू निवडत राहिल्या. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याच फरशीवर त्या पडल्या होत्या. हातात पाण्याचा पेला, खाली कोरडी जमीन, आणि एकदम छत दिसायला लागलं. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाडाच्या डॉक्टरनं विचारलं, कशा पडल्या? शेजारी वैभव उभा होता. फरशी त्यानंच हौसेनं निवडलेली. परक्या माणसासमोर पोराचं तोंड उतरू नये म्हणून त्या म्हणून गेल्या, घाई केली, माझाच पाय चुकला. वैभवनं ते इतक्या चटकन उचललं की त्यांना बोलून पस्तावायलाही वेळ मिळाला नाही. आईचं आता वय झालं, असं तो त्या संध्याकाळी चार जणांना फोनवर सांगत होता. मग त्यांच्यासाठी रबरी चपला आल्या, आणि पलंगाला एक बिनतारी बेल लागली. बटण दाबलं की बाहेर एक इंग्रजी धून वाजायची आणि प्रियदर्शनी यायची. तीन दिवस धावत आली, पुढचे तीन दिवस चालत, आणि नंतर आतूनच 'आले हं' म्हणायला लागली. फरशीचं नाव कोणी काढलं नाही.

सिंधूताईंची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती. पहाटे पाचला उठायचं, आपल्या पायानं स्वयंपाकघरात जायचं, आल्याचा चहा करायचा, आणि घर जागं होण्याच्या आत बाल्कनीत बसून तो प्यायचा. तेवढा पाऊण तास त्या कोणाची आई नव्हत्या, कोणाची जबाबदारी नव्हत्या. पडल्यापासून त्या भिंत धरून जायच्या. पलंगापासून दारापर्यंत आठ पावलं, तिथे धरायला भिंत नाही, ती आठ पावलं त्या श्वास रोखून टाकायच्या. एकदा वैभवनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चोवीस तासांच्या बाईचा विषय काढला. आणखी एकदा पडलीस, आई, तर मग मी ऐकणार नाही, म्हणाला. म्हणजे आणखी एकदा पाय घसरला की चहा बंद, बाल्कनी बंद, पलंग आणि परकी बाई सुरू. लिओला डॉक्टरनं जी ताकीद दिली होती, ती सिंधूताईंना आधीच मिळालेली होती. फरक एवढाच, की लिओची ताकीद घरातल्यांना कळली.

ज्या माणसाला आपली आई घसरते हे दिसत नाही आणि कुत्रं घसरतं ते दिसतं, त्याच्याकडे काय मागायचं? मागायचं नाहीच, असं त्यांनी ठरवलं. पण मूर्ख त्या नव्हत्या. ताटली बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बराबर आहे वं तुमचं. मुक्या जीवाचे हाल नाही पाहवत."

प्रियदर्शनीनं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. सासूच्या तोंडून कुत्र्यांबद्दल चांगला शब्द तिनं आजवर ऐकला नव्हता. ऐकणार कुठून? सिंधूताईंच्या खोलीत कोपऱ्यात देव होते, आणि त्या खोलीच्या दाराच्या रेघेच्या आत कुत्र्यांनी पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी हातातल्या नॅपकिनच्या फटक्यानं दोघांना कधीच शिकवून ठेवलं होतं.

पुढचे आठ दिवस घरात फरशीशिवाय बोलणं नव्हतं. प्रियदर्शनी फोनवर वाचून दाखवायची आणि वैभव जेवता जेवता मान हलवायचा. आधी लाकडी फरशीची टूम निघाली. विदेशात म्हणे कुत्री असलेल्या घरी लाकूडच असतं. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत दिवसरात्र कूलर चालतो, त्याचं पाणी रोज खोलीत गळतं, महिन्याभरात लाकूड पुरीसारखं फुगेल, हे सांगायला सिंधूताईच लागल्या. मग गालिचा. टॉफी आठवड्यातून दोनदा तरी हॉलमध्ये मुतायची, आणि तिची चूक नाही, ती हळवी आहे, असं प्रियदर्शनीचं मत होतं. हळव्या कुत्रीचं मूत गालिच्यात मुरलं की घराला कसा वास येईल, त्याचं वर्णन सिंधूताईंनी जेवणाच्या ताटावरच केलं. गालिचा गेला. मग जमिनीवर चिकटवायचं रबरासारखं काहीतरी निघालं, लाकडाची छपाई केलेलं. बाल्कनीच्या दाराशी मे महिन्यात दुपारी पाय ठेवता येत नाही इतकी जमीन तापते. तिथे ते रबर पापडासारखं वळेल, त्या म्हणाल्या. वैभव म्हणाला, आई, तुला सगळ्यातच खोट दिसते. खोट दिसत होती, कारण खोट होती. दोन शिकलेली माणसं, एकाचं इतवारीत साड्यांचं नावाजलेलं दुकान, दुसरी पूर्वी शाळेत शिकवणारी, आणि आपण कोणत्या गावात राहतो एवढं त्यांना फोनमध्ये पाहावं लागत होतं.

तांडापेठेतल्या घरी कोणी जमीन निवडली नव्हती. ती होती. घरातच मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून सिंधूताईंचे मालक ईश्वरदास लुगडी विणायला बसायचे, आणि खड्ड्याभोवतीची जमीन शेणानं सारवलेली. सुताला लावायची खळ, म्हणजे तांदळाची दाट पेज, चुलीवर उकळली की तिचं पातेलं दोन फडक्यांनी धरून सिंधूताई अनवाणी बाहेर न्यायच्या. तिथे गल्लीच्या लांबीनं ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, पसरलेला असायचा. वाटेत खळ सांडायचीच. त्या सांडलेल्या खळीवरून त्या पोटुशी असताना चालल्या, अंगात ताप असताना चालल्या, एका काखेत हाच वैभव आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन चालल्या. एकदाही पडल्या नाहीत. जमीन पायाला धरून ठेवायची. पुढे शहाबादी फरशी आली, ती खरबरीत, तीही धरायची. मग मालक गेले, ते घर विकलं, आणि वैभवनं त्यांना इथे आणलं, जिथे जमिनीत तोंड दिसतं. स्वतःचं तोंड जमिनीत पाहायची कोणाला गरज असते, हे त्यांना आजही समजलेलं नव्हतं.

ही फरशी घेतानाचा वैभव त्यांना स्पष्ट आठवत होता. त्यांच्या घराण्याची एक खोड होती. विणकराच्या घरात कोणतीही वस्तू आधी हातानं पाहतात. ईश्वरदास लुगड्याचं पोत बोटांच्या पाठीनं पाहायचे आणि सूत किती नंबरचं ते सांगायचे. तसंच ते वांगं पाहायचे, लग्नाच्या पत्रिकेचा कागद पाहायचे, आणि एकदा तर मुलगी पाहायला गेले असताना तिथल्या सतरंजीचं सूत पाहत बसले आणि मुलीकडे पाहायचं राहिलं. वैभव मागावर एक दिवस बसला नाही, पण हात बापाचा. आठ वर्षांपूर्वी फरशीच्या दुकानातल्या दिव्यांखाली त्यानं ह्या लादीवर डोळे मिटून तळहात फिरवला होता आणि म्हणाला होता, रेशीम आहे, आई, निव्वळ रेशीम. रेशीम नेसतात, त्याच्यावर चालत नाहीत, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण नवं घर, पोराचा आनंद, त्या गप्प राहिल्या. गप्प राहण्याचं फळ नंतर मनगटाला मिळालं.

त्या रविवारी सगळे वर्धमान नगरातल्या टाइल्सच्या शोरूममध्ये गेले. सगळे म्हणजे कुत्रीसुद्धा, कारण त्यांना एकटं ठेवलं की टॉफीला दडपण येतं. सिंधूताईंनाही नेलं, त्यांना एकटं ठेवलं तर त्या उठून चालतात म्हणून. टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला. कुत्र्यांसाठी फरशी हवी म्हटल्यावर त्याला जराही नवल वाटलं नाही. हल्ली निम्मी गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात, असं त्यानं सांगितलं, आणि लगेच नवी चकचकीत लादी दाखवली. दिसायला आरसा, पण वरून न घसरणारा थर दिलेला, सर. वैभवचे डोळे चमकले. तो खाली वाकला, आणि सिंधूताईंना आता काय होणार ते कळलं.

त्यानं तळहात फिरवला. डोळे मिटले. "पोत बघ, आई," तो म्हणाला. "चमक तीच, पण हाताला जरा पकड आहे."

"कुत्रं हातानं चालते काय?" सिंधूताई म्हणाल्या.

विक्रेता हसला. वैभव हसला नाही. सिंधूताईंनी विक्रेत्याला पाणी मागितलं. त्यानं बाईंना तहान लागली असेल म्हणून थंड पाण्याच्या दोन लहान बाटल्या आणल्या, त्यातली एक त्यांनी उघडली आणि त्या आरशावर अर्धी ओतली.

"आई, काय करून राहिली तू?"

"घरी पाणी पिते ना तुहा कुत्रा? मंग तोंड पुसून येते काय तो? सगळ्या हॉलभर टपटप करत फिरते. आता ठेव त्याले."

प्रियदर्शनीनं जीव मुठीत धरून, दोन्ही हातांचा आधार देत लिओला त्या लादीवर ठेवलं. लिओ पोहायला लागला. पुढचे पाय कसेबसे जागेवर, पण मागचे दोन हळूहळू बाजूला पसरत गेले, आणि त्याचं पोट टेकायच्या आत तिनं त्याला उचललं. मग सिंधूताईंनी शेजारच्या लादीवर उरलेली बाटली ओतली. ही धुरकट राखाडी, बिनचमकीची, वरून बारीक दाणा असलेली, कोणी ढुंकून पाहू नये अशी. विक्रेत्यानं ती पार्किंगसाठी म्हणून कोपऱ्यात लावली होती. तिच्यावर ठेवल्यावर लिओ उभा राहिला. अंग झटकलं. इकडेतिकडे पाहिलं. आणि मग त्यानं शांतपणे मागचा एक पाय उचलून लाद्यांच्या स्टँडवर धार सोडली.

विक्रेता हाय हाय करत फडकं शोधायला धावला. वैभव शरमेनं लाल झाला. प्रियदर्शनी माफी मागू लागली. सिंधूताई एकट्या नीट पाहत होत्या. पाठ दुखरी, खाली पाणी, आणि ते जनावर तीन पायांवर तोल सांभाळून उभं होतं.

"तीन पायांवर उभा आहे," त्या म्हणाल्या. "घ्या हेच."

गडबडीत कोणाचं लक्ष नव्हतं तेवढ्यात त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढली आणि लुगड्याच्या काठाखालून पाऊल त्या ओल्या लादीवर टेकवलं. अंगठा रुतला. टाच रुतली. किती वर्षांनी जमिनीनं त्यांचा पाय धरला. त्यांना एकाएकी ती फरशी इतकी हवीशी झाली की त्यांना स्वतःचाच राग आला. पार्किंगची फरशी, आणि तिच्यासाठी जीव असा तुटावा.

वैभव मात्र अडून बसला. बसस्टँडसारखी दिसेल, म्हणाला. दुकानातली बडी गिऱ्हाइकं घरी जेवायला येतात, ती काय म्हणतील? सिंधूताईंनी त्याला सांगितलं, की दुकानात साडी दाखवायला हवे तेवढे आरसे लाव, घरात माणसाला चालायचं असतं. माणसाला हा शब्द तोंडून निसटला, म्हणून घाईनं त्यांनी पुढे जोडलं, की लिओचे पाय गेले तर त्याला जन्मभर उचलून फिरवशील का? एवढं ऐकून प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. आईंना कळतं ते तुला कळत नाही, असं ती नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, आणि तिनं सिंधूताईंना मिठी मारली. लिओचं नाक सिंधूताईंच्या गळ्याला लागलं. ओलं, थंड, कुत्र्याचं नाक. त्यांनी ते सहन केलं. फरशीसाठी त्यांनी याहून जास्तही सहन केलं असतं.

राखाडी लादी ठरली.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सिंधूताईंना उमरेडला, माहेरी, भाच्याकडे पाठवलं. धुळीनं तुम्हाला खोकला होईल, असं प्रियदर्शनी म्हणाली. कुत्री मात्र घरीच राहिली, एसीच्या खोलीत दार लावून, कारण परक्या घरी ती जेवत नाहीत. सिंधूताई परक्या घरी जेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. उमरेडला त्यांनी दहा दिवस काढले. भाचसुनेला सगळी कथा सांगितली. ती हसून हसून लोळली, आणि शेवटी तिनं विचारलं, की आत्या, तुम्ही सरळ काहून नाही सांगत वैभवभाऊले, का मले पण पाहिजे म्हणून? सिंधूताई म्हणाल्या, पोराकडे जमीन मागायची पाळी आली तर मग जगण्यात काय राहिलं. भाचसुनेला ते पटलं नव्हतं, हे त्यांना दिसलं, पण ती लहान होती.

अकराव्या दिवशी दुपारी त्या परतल्या. लिफ्टमधून बाहेर आल्या, दारातच चपला काढल्या, आणि वैभवनं पुढे केलेला हात न धरता आत पाऊल टाकलं.

हॉल राखाडी झाला होता. खरंच थोडा बसस्टँडसारखा दिसत होता. सिंधूताई चालल्या. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीच्या दारापर्यंत, आणि परत. भिंतीला हात लावला नाही. कोणी पाहत आहे की नाही याकडेही पाहिलं नाही. लिओ त्यांच्या मागे मागे टकटक करत चालत होता, आणि तेवढ्या वेळापुरता त्यांना त्याचाही तिरस्कार वाटला नाही. हॉलच्या कोपऱ्यात भिवापूरचा कवडू मिस्त्री सांध्यांत सिमेंट भरत बसला होता. त्यानं रामराम केला. त्याच्यामागे लाद्यांची पाच न फोडलेली खोकी रचलेली होती.

मग त्या आपल्या खोलीच्या दारात आल्या.

तिथे नवी फरशी संपली होती. दाराच्या बरोबर रेघेवर, सुरीनं कापल्यासारखी. नवी जुन्यावर बसवलेली, त्यामुळे तिथे अर्ध्या इंचाची पायरी तयार झाली होती, आणि पायरीच्या खाली त्यांची खोली तळ्यासारखी चकाकत होती. पूर्वीपेक्षा जास्त. पंखा फिरताना तिच्यात दिसत होता.

मागून वैभव आला. तो खुशीत होता. तुझ्या खोलीला हातच लावला नाही, आई, म्हणाला. कुत्री काही तुझ्या खोलीत येत नाहीत, तू येऊच देत नाहीस. मग उगाच देव हलवा, कपाट हलवा, तुला कशाला त्रास? उलट कवडूकडून मशीन लावून पॉलिश करून घेतलं. बघ, कशी नवीसारखी झाली.

पॉलिश. सिंधूताईंनी त्याच्याकडे पाहिलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, केस पिकायला आलेले, आणि चेहरा असा, की जणू शाळेतून बक्षीस घेऊन आला आहे. ह्याला रागवायचं तरी कुठून सुरू करायचं? तो खिशातून फोन काढत हॉलमध्ये गेला. उरलेली खोकी शोरूमला वापस करायची होती, टेम्पोवाला निघाला होता.

तेव्हा सिंधूताईंनी ती गोष्ट केली, जी त्यांनी उमरेडला कधीच सांगितली नसती. त्या दाराची चौकट धरून पायरी उतरल्या, जपून पलंगापर्यंत गेल्या, काठावर बसल्या, आणि दाराकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "लिओ, ये."

एकदा हे कुत्रं आत आलं, एकदा घसरलं, थोडंसंच, फक्त प्रियदर्शनीला दिसेल इतकं, की खोकी परत जाणार नाहीत. देवांना काय सांगायचं ते नंतर पाहता आलं असतं.

लिओ दाराच्या रेघेशी येऊन थांबला. कान टवकारले. त्यांनी पुन्हा बोलावलं, हात पुढे केला, उमरेडहून आणलेल्या डब्यातला पेढाही दाखवला. लिओनं पेढ्याकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या नॅपकिनकडे पाहिलं, आणि शेपूट हलवत नव्या फरशीवर बूड टेकून बसला. काही केल्या तो हलेना. मागून टॉफी आली, तीही त्याच्या शेजारी, रेघेच्या अगदी काठाशी पण बाहेरच, बसली. इतकं चोख शिक्षण सिंधूताईंनी स्वतःच्या पोरालासुद्धा दिलं नव्हतं.

बाहेर वैभव टेम्पोवाल्याला फाटकाचा पत्ता सांगत होता. डावीकडचं फाटक, हो, लिफ्टपर्यंत ये.

सिंधूताई उठल्या. आठ पावलं. पेढा पलंगावरच राहिला. पायरी चढून त्या नव्या फरशीवर आल्या, कुत्र्यांना ओलांडून हॉलमध्ये गेल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या.

"फोन ठेव, वैभव."

त्यानं फोन कानावरून बाजूला केला.

"मागच्या वर्षी मी घाईनं नाही पडली. ह्या फरशीवरून घसरली. डॉक्टरले खोटं सांगतलं मी. ते खोकी वापस नको पाठवू. माह्या खोलीत लाव. कुत्र्यासाठी नाही. मले पाहिजे."

प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कवडूचा थापीवरचा हात थांबला. वैभवच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग दुकानदाराचं हसू, आणि मग तेही गेलं.

"मग तेव्हाच सांगायचं ना, आई," तो म्हणाला. "वर्ष झालं. तू सांगितलंच नाही, तर मला कसं कळणार?"

"लिओनं सांगतलं होतं काय तुले?"

फोनमधून टेम्पोवाला हॅलो हॅलो करत होता. वैभवनं फोन कानाला लावला आणि त्याला सांगितलं, की येऊ नको, काम राहिलं आहे. मग तो कोणाकडेही न पाहता पलंग हलवायला आईच्या खोलीकडे गेला. पायात मोजे होते. पायरी उतरला, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला त्याचा पाय सरकला. कपाटाची मूठ हाताशी आली म्हणून तो उभा राहिला. तसाच, मूठ धरून, जमिनीकडे पाहत राहिला. सिंधूताईंना दारातून सगळं दिसलं. ह्या प्रसंगी बोलण्याजोगी त्यांच्याकडे वर्षभर साठवलेली बरीच वाक्यं होती. पण ती बोलायची गरज उरली नव्हती, आणि शिवाय त्याची दयाही आली होती, थोडी, जेवढी अडाणी माणसाची येते तेवढी.

देव तात्पुरते स्वयंपाकघरात गेले. पलंग आणि कपाट हॉलमध्ये आलं. गुळगुळीत जमिनीवर नवी लादी चिकटत नाही, आधी छिन्नीनं टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारावे लागतात, असं कवडू म्हणाला. जरा नाराज होता, आदल्या दिवशीच तर त्यानं पॉलिश केलं होतं. सिंधूताईंनी खुर्ची मागवली, दारासमोर मांडली आणि बसून राहिल्या. त्या आरशावर छिन्नीचा प्रत्येक घाव पडताना त्या पाहत होत्या. कपचे उडत होते. प्रियदर्शनी दोनदा येऊन म्हणाली, आई, धूळ उडते, आत येऊन बसा. त्या उठल्या नाहीत. ह्या घरात कोणावर सोडून उठावं असं काम त्यांना दिसत नव्हतं.

पहिली लादी बसली तेव्हा पाच वाजले होते. कवडूनं रबरी हातोडीनं चार ठोके दिले.

"पाय कधी ठेवाचा हिच्यावर?" त्यांनी विचारलं.

"आज रात्री पूर्ण करतो, माय. मंग चोवीस घंटे कोणी नाही चालाचं. पक्कं होऊ द्या."

सिंधूताईंनी मनाशी पाचच्या चहाचा हिशेब केला. "म्हणजे परवा," त्या म्हणाल्या. "परवा पहाटे."

"परवा पहाटे काय, आई?" खोलीच्या कोपऱ्यातून, लादी उचलून देत वैभवनं विचारलं.

दुसरी लादी जरा तिरकी बसत होती, तिकडे बोट दाखवून सिंधूताईंनी कवडूला ती पुन्हा काढायला लावली.